दुसऱ्याच्या नाडीचं औषध

फलटणहून निघालो त्या सकाळी आई उंबऱ्यापर्यंतच आली. तिच्या कपाळावरचा सुंठीचा लेप वाळून भेगाळला होता, त्यावरून तिनं जुन्या धोतराची पट्टी आवळून बांधली होती, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत त्रिफळ्याच्या भुकटीनं माखले होते. त्यामुळे तिला माझ्या पाठीवरून हात फिरवता आला नाही. कोपरानं जरासं ढकलल्यासारखं करून ती म्हणाली, "जा. नीट जा." एसटी स्टँड दहा मिनिटांवर होता. तिनं चपला पायात घातल्यासुद्धा होत्या. तेवढ्यात दुकानातून काकांचा आवाज आला, "वहिनी, निरोप इथूनच द्या. अर्धा त्रिफळा चाळायचा राहिलाय." आईनं चपला काढून परत जागेवर ठेवल्या.

मी सत्तावीस वर्षांचा होतो, सिंगापूरच्या नोकरीचं पत्र खिशात होतं, आता मला त्या घरातलं कोणी काही करू शकणार नव्हतं. तरी बोललो नाही. बॅग उचलली आणि चालायला लागलो. बसमध्ये बसल्यावर मात्र दातओठ खात ठरवलं, की या माणसाला एक दिवस त्याच्याच गादीसमोर, त्याच्याच गिऱ्हाइकांदेखत खाली बघायला लावायचं. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले ते काही ना काही मनात धरून गेले असतील. मी हे धरून गेलो.

जे तिथं राहिले त्यांना आमचं दुकान आठवत असेल. काष्ठौषधींचं दुकान, मागे घर. मी नऊ वर्षांचा असताना वडील गेले आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे काका, गादीवर बसले. त्यांनी लग्न केलं नाही. नाडी बघायचे, औषध द्यायचे, आणि त्यांचा हातगुण चांगला होता, हे मी त्यांचा वैरी असूनही सांगतो. आमच्या दुकानाचं नाव होतं ते चूर्णासाठी. वस्त्रगाळ चूर्ण. म्हणजे कुटलेलं औषध तलम कापडातून चाळायचं, इतकं की बोटांत धरलं तर कणसुद्धा लागू नये. हे काम आईचं होतं. पातेल्याच्या तोंडावर कापड ताणून बांधायचं, त्यावर भुकटी टाकायची आणि मान खाली घालून हातानं फिरवत बसायचं. हिरडा, पिंपळी, मिरी, वेखंड. वेखंडाच्या दिवशी मागच्या खोलीत नुसतं पाऊल टाकलं तरी माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी यायचं. आई तिथं सकाळी आठ ते दुपारी दोन बसायची आणि संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत डोकं धरून आडवी व्हायची.

काकांनी तिच्यावर कधी आवाज चढवला नाही. कधी एकेरी बोलले नाहीत. "वहिनी, लेप लावा म्हणजे उद्यापर्यंत उतरेल," असं म्हणायचे, आणि सुंठ उगाळायला सहाण पुढे सरकवायचे. ती स्वतःच उगाळायची. "बायकांचं डोकं दुखतंच," हे त्यांचं वाक्य होतं, ते गिऱ्हाइकांनाही सांगायचे. मला वाढवलं त्यांनी, शिकवलं त्यांनी, हे खरं आहे. आणि लोकांना ते ऐकवायचेही. मी मात्र मनात धरून ठेवायचो की मला शिकवलं ते आईच्या मानेनं.

इकडे आलो. पहिली काही वर्षं एका खोलीत चौघं, मग लग्न, मग वुडलँड्सला फ्लॅट, मुलगी, पीआर म्हणजे इथं कायम राहायचा परवाना. रॅफल्स प्लेसला एका बँकेच्या अकाउंट्समध्ये काम करतो. सकाळी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभ्यानं जातो, संध्याकाळी उभ्यानं येतो. आईला दर रविवारी फोन करायचो. "डोकं कसं आहे?" "आहे." यापलीकडे आम्ही कधी गेलो नाही. तिला इकडे आणायचा विषय मी दर वर्षी काढायचो आणि दर वर्षी कारण सापडायचं. घर लहान आहे. मेधाची, म्हणजे बायकोची, नोकरी नवी आहे. मुलीची परीक्षा आहे. ही कारणं खोटी नव्हती. पण माझ्या मनातला सूड मी जितक्या नेमानं जपत होतो त्याच्या निम्म्या नेमानं तिच्या इथं राहायच्या पासची चौकशी केली असती, तर आई दहा वर्षं आधी त्या पातेल्यापुढून उठली असती.

चाळिशी ओलांडल्यावर माझंही डोकं दुखायला लागलं. दोन्ही कानशिलं ठणकायची, डोळे लाल व्हायचे, तोंड कोरडं पडायचं. स्कॅन झाले, गोळ्या झाल्या. शेवटी मेधानं आमच्या ब्लॉकखालच्या मेडिकल हॉलमध्ये नेलं. इकडे चिनी औषधांच्या दुकानाला मेडिकल हॉल म्हणतात आणि तिथल्या वैद्याला सिन्से. आत पाऊल टाकलं. भिंतभर लाकडी खण, सालींचा, मुळ्यांचा, वाळक्या फुलांचा वास. मी दोन हजार मैलांवर पळून येऊन काकांच्याच दुकानात शिरलो होतो. लिम नावाच्या साठीच्या बाई सिन्से होत्या. त्यांनी माझं मनगट उशीवर ठेवलं आणि त्यावर तीन बोटं टेकवली. तीच तीन बोटं. मी उठून जाणार होतो.

पण मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. कुठं दुखतं, मागे की पुढे? ऊन लागलं की वाढतं? गार पाण्यानं बरं वाटतं की गरम? झोप? पोट? राग येतो का? कोणाचा? वीस मिनिटं त्या नुसतं विचारत होत्या. मला रडू यायला लागलं, आणि ते माझ्या डोक्यासाठी नव्हतं. वडील गेल्यावर अठरा वर्षं मी त्या घरात आईबरोबर राहिलो. तिला कोणी एक प्रश्न विचारलेला मला आठवत नव्हता.

त्यांनी पुड्या बांधून दिल्या. शेवंतीची वाळलेली फुलं, पुदिना, तुतीची पानं, आणखी दोन-तीन गोष्टी. उकळून घ्यायच्या. तीन आठवड्यांत माझं डोकं हलकं झालं. आणि त्याच क्षणी, ही कबुली द्यायला मला आजही जड जातं, माझ्या मनात पहिला विचार आईचा आला नाही. काकांच्या चेहऱ्याचा आला.

त्या दिवाळीला मी माझ्याच औषधाच्या चौदा पुड्या बॅगेत घालून फलटणला गेलो. मुद्दाम गर्दीची वेळ निवडली. दुकानात सात-आठ माणसं होती. पुड्या काकांच्या गादीसमोर मांडल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आजपासून आई हे घेणार. तुमचं तीस वर्षं घेतलं, बघितलं काय झालं ते."

काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "चीनचं?"

"चीनचं."

"बरं," ते म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा हात हातात घेतला.

आईनं काढा घेतला. पहिल्या दिवशी म्हणाली, बरं वाटतंय. माझ्यासाठी म्हणाली, हे मला तेव्हा कळलं नाही. मी दुकानाच्या पायरीवर बसून येईल त्याला सांगत सुटलो. दुसऱ्या दिवशी तिचं पोट बिघडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठूच शकली नाही. हातपाय गार पडलेले, उलट्या, आणि डोकं असं ठणकत होतं की खोलीतला पंखा लावला तरी ती कण्हायची. मी तिला उचलून रिक्षात घालायला निघालो तर काका दारात आले. "त्यांना ठेव खाली," म्हणाले.

त्यांनी माझी एक पुडी कागदावर सोडली. बोटाच्या टोकानं एकेक जिन्नस वेगळा केला. फूल हुंगलं. पान मोडलं. एक काडी चावली आणि थुंकली. दुकानातली माणसं मधल्या दारात येऊन उभी राहिली होती.

"हे कोणाला दिलं होतं?"

"मला."

"तुझी नाडी बघून दिलं?"

मी मान डोलावली.

"तुझं डोकं उष्णतेचं. हे सगळं थंड आहे, तुला लागू पडलं असणारच. देणाऱ्याला विद्या आहे." मग त्यांनी आवाज न चढवता, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आणि वहिनींचं थंडीचं डोकं. त्यांना तू तुझ्या नाडीचं औषध पाजलंस? सुहास, तिकडे बँकेत एकाच्या सहीवर दुसऱ्याचा कागद पास करतोस काय रे?"

माणसं हसली. कोणीतरी म्हणालं, "फॉरेनचं ना, जोर असणारच." मी खाली बघितलं. ज्या जागी त्यांनी बघावं म्हणून मी सतरा वर्षं झुरलो, त्याच जागी मी खाली बघितलं.

त्यांनी सुंठ-पिंपळीचा काढा दिला, पोट शेकायला लावलं. दोन दिवसांत आई बसती झाली. मी विमानाच्या वेळेआधी तिच्या खोलीत गेलो तर ती तिथं नव्हती. मागच्या खोलीत कापड ताणून बसली होती. मी म्हणालो, "आई, आज तरी..." ती म्हणाली, "वेखंड संपलाय रे."

परतीच्या विमानात अपमान उतरत गेला आणि एक वेगळीच गोष्ट वर आली. हा माणूस एक काडी चावून सांगू शकतो की हे कोणाच्या डोक्याचं औषध आहे. मग रोज सहा तास नाकातोंडात वेखंड जाणाऱ्या, मान मोडून बसणाऱ्या बाईचं डोकं का दुखतं, हे त्याला कळलं नसेल? कळलं होतं. थंडीचं डोकं आहे हेसुद्धा त्याला पक्कं ठाऊक होतं. पण दुखणं त्या चाळण्यामुळे आहे असं म्हटलं असतं तर उपाय म्हणून तिला तिथून उठवावं लागलं असतं. काकांचं अज्ञान मी एखादवेळी माफ केलं असतं. त्यांचं ज्ञान मी माफ केलेलं नाही.

तरीही मला आईला आणायला आणखी तीन वर्षं लागली. ती तीन वर्षं माझ्या नावावर आहेत.

लाँग टर्म व्हिजिट पासवर ती आली तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. दुसऱ्याच दिवशी तिला लिम सिन्सेंकडे नेलं. मी मध्ये बसून एकीचं बोलणं दुसरीला सांगत होतो. काय काम करता, असं त्यांनी विचारलं. आईनं हातानं दाखवलं, कापडावरून तळवा कसा फिरवायचा ते. किती वर्षं? "अडतीस." सिन्से बाईंनी आईचा तळवा उलटा करून बघितला. रेषांमध्ये बसलेला काळपट रंग धुऊन जात नाही. त्या म्हणाल्या, पहिलं औषध म्हणजे पावडर बंद. ती तर इथं आल्यामुळे झालीच आहे. मग चुआन श्योंग नावाची मुळी, बाय झी नावाची दुसरी, थोडं आलं. सगळं उष्ण. माझ्या पुड्यांच्या अगदी उलट.

मला तेवढ्यानं पुरेसं नव्हतं. मी खोदून खोदून विचारलं, की म्हणजे हे दुखणं त्या माणसानं दिलं ना? असं लिहून द्याल का? लिम बाई पुडी बांधता बांधता, वाक्याला इथल्या बोलीतलं 'लाह' जोडून म्हणाल्या, "मी डोकं बघते, लाह. दीर बघत नाही."

आईनं मला विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हणालो, पथ्य सांगत होत्या.

चार महिन्यांत तिच्या डोक्याची पट्टी सुटली. सकाळी ती खाली बागेत म्हाताऱ्या चिनी बायकांबरोबर हात वरखाली करायची. माझ्या मुलीला, इराला, रोज शुद्धलेखन घालायची. "आजी, यू सो स्ट्रिक्ट लाह," असं ती ओरडायची. मी हे बघून सुखी व्हायला हवं होतं. मी काय केलं ते सांगतो. दर रविवारी, फलटणला सकाळचे अकरा वाजत आणि दुकानात गर्दी असे त्या वेळी, मी काकांना व्हिडिओ कॉल लावायचो. फोन आईसमोर धरायचो. "बघा काका, पट्टी नाही. दोन महिने झाले, एकदासुद्धा नाही." पुढच्या रविवारी, "सव्वादोन." आईला वाटायचं मी दिराची ख्यालीखुशाली कळवतोय. ती हात जोडून म्हणायची, "भाऊजी, बरे आहात ना?" तिकडे काकांचा फोन फळीला टेकवलेला असायचा, मागे गिऱ्हाइकं दिसायची, आणि मी त्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं बोलायचो. एका रविवारी काकांच्याच कपाळाला पट्टी बांधलेली दिसली. वस्त्रगाळ करायला माणूस टिकत नव्हता, ते स्वतः बसत होते. पुढच्या रविवारपासून त्यांनी फोन उचलणं सोडलं. मी मेधाला म्हणालो, "लागलं." ती म्हणाली, "कोणाला?" आणि उठून गेली.

मग एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज बारीक होता. "सुहास, वहिनी आहेत का? जरा विचारायचं होतं."

आई माझ्यापासून चार हातांवर मटार सोलत होती. मी बाल्कनीत जाऊन म्हणालो, "झोपलीय."

दुसऱ्यांदा, "झोपलीय." तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. दोन महिन्यांत चार वेळा. चौथ्या वेळी ते म्हणाले, "डोकं खूप दुखतं रे. लेप लागू पडत नाही." मी म्हणालो, "पुरुषांचं डोकं दुखतंच," आणि फोन ठेवला. ते वाक्य मी अंघोळ करताना, एमआरटीत उभा असताना, कितीतरी दिवस तयार करत होतो. बोलल्यावर मला बरं वाटलं. पुष्कळ बरं वाटलं. अपराधाचं ओझं वगैरे नंतर आलं. आधी बरं वाटलं, हे लिहून ठेवतो.

पाचव्या वेळी माझा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता आणि मी बूट काढत होतो. आईनं उचलला. स्पीकर बंद करायचा कसा हे तिला येत नाही.

"वहिनी? झाली का झोप?" काका म्हणाले. "संध्याकाळी सातलाच झोपता म्हणे हल्ली. चार वेळा फोन केला."

आईनं माझ्याकडे बघितलं. मी एक बूट हातात घेऊन उभा होतो. ती फोनकडे वळून म्हणाली, "आज जागी आहे. बोला, भाऊजी."

त्यांनी दुखणं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारायला लागली. मागे की पुढे? सकाळी की संध्याकाळी? शेकलं तर बरं वाटतं की गार पट्टीनं? पोट कसं आहे? काका उत्तरं देत होते, शाळेतल्यासारखी, न अडखळता. मी तिला कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. अडतीस वर्षं ती त्या भिंतीपलीकडे बसली होती, दुकानातला प्रत्येक शब्द तिच्या कानावर पडत होता, आणि गादीवरून कोणाला प्रश्न विचारण्याची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती.

"वेखंड कोण गाळतं?"

"मीच."

"मान खाली घालून?"

"हो."

"मग गाळणं बंद करा. लेपानं नाही जायचं ते."

मग काका म्हणाले, "वहिनी, मग दुकान कसं चालायचं?"

आई म्हणाली, "चालायचं नाही."

आवाज चढला नाही, थरथरला नाही. वेखंड संपलाय म्हणाली होती तसंच म्हणाली. मग "काळजी घ्या" म्हणून तिनं फोन माझ्या हातात दिला, कारण तो बंद कुठं करायचा हेही तिला येत नव्हतं. मी बंद केला. मी वीस वर्षं जे शोधत होतो ते तिच्या दोन शब्दांत होतं, आणि त्यात माझा काही भाग नव्हता. उलट चार वेळा मी तिच्या वाटेत उभा राहिलो होतो.

"आई," मी म्हणालो, "मी..."

"त्यांना मी उत्तर दिलं," ती म्हणाली. "तुला अजून द्यायचंय." आणि मटाराच्या टोपलीपाशी जाऊन बसली.

त्या पावसाळ्यात काकांनी दुकान बंद केलं. खण एका आयुर्वेद कॉलेजला दिले असं ऐकलं. मला आनंद झाला, लपवत नाही. आईला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "आणि डोकं?" मी म्हणालो, थांबलं म्हणतात. "मग झालं," ती म्हणाली. आता ते दोघं आठवड्यातून एकदा बोलतात. काय बोलतात मला माहीत नाही. फोन तिचा स्वतःचा आहे.

तुम्ही जे तिथं आहात ते भेटलात की विचारता, सुहास, घर आता कुठलं म्हणायचं, इथलं की तिकडचं? मी पूर्वी पटकन वुडलँड्स म्हणायचो, आणि त्यात काकांना हरवल्याची फुशारकी असायची. आता जरा थांबतो. माझ्याइतकीच वर्षं बाहेर काढलेल्यांना हे कदाचित समजेल. रात्री जेवायला आम्ही चौघं बसतो. आई भात वाढते, इराला ओरडते, मेधाशी हसते, माझ्या ताटात आठवणीनं लिंबाची फोड ठेवते. मी तिच्याकडे बघत राहतो. आज बोलेल, उद्या बोलेल. वर्ष होऊन गेलं, तिनं ते उत्तर अजून दिलेलं नाही. घर म्हटलं की आता मला हेच टेबल डोळ्यांसमोर येतं, आणि समोर बसलेली ती. मी रोज संध्याकाळी वेळेवर घरी येतो. मला ते उत्तर चुकवायचं नाही.